लॅबचा हिरा आणि मेहरचा हिशेब

रमजान ईद झाली की आपल्याकडे निकाहांचा हंगाम सुरू होतो आणि या सदराकडे येणारी पत्रेही बदलतात. एरवी मुलांचा अभ्यास, शिष्यवृत्तीचे अर्ज, उर्दू माध्यम की मराठी माध्यम असे प्रश्न विचारणारे वाचक शव्वालमध्ये दागिन्यांविषयी विचारू लागतात. यंदा एकाच विषयावर बरीच पत्रे आली. त्यांतले खेड तालुक्यातल्या एका भगिनीचे पत्र इथे थोडक्यात सांगते, कारण बाकीच्यांचे प्रश्नही त्यात आले आहेत.

त्यांच्या मुलीचा रिश्ता ठरला आहे. मुलगा दोहाला नोकरीला. मुलाकडच्यांनी मेहर म्हणून हिऱ्यांचा सेट देऊ केला, किंमत १ लाख ८० हजार रुपये. सेटसोबतच्या कार्डावर ‘लॅब ग्रोन डायमंड’ असे छापलेले निघाले. मुलीचे मामू म्हणाले, हा नकली हिरा, आपल्याला फसवले. मुलाची फुफी म्हणाली, हिरा तो हिरा. खाणीतला काय आणि कारखान्यातला काय, काडीचा फरक नाही. घरात दोन तट पडले आहेत आणि मुलगी बिचारी गप्प आहे. ‘आम्ही कोणाचे ऐकायचे?’ असे त्या विचारतात.

मामूंचे म्हणणे चूक आहे. फुफींचे निम्मे बरोबर आहे. पण जे निम्मे चूक आहे, त्याचा फटका नेमका मुलीला बसणार आहे.

आधी ‘नकली’ या शब्दाकडे पाहू. मी शाळेत भाषा शिकवते, विज्ञान नाही. पण नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकातला कार्बनचा धडा कोणालाही वाचता येतो. पेन्सिलीतले ग्रॅफाइट आणि अंगठीतला हिरा ही एकाच कार्बनची दोन रूपे. फरक आहे तो अणूंच्या मांडणीचा. हिरा म्हणजे शुद्ध कार्बन, ही गोष्ट स्मिथसन टेनंट या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने १७९७ साली चक्क हिरे जाळून सिद्ध केली. तेव्हापासून माणसाच्या डोक्यात एकच विचार होता: मग आपल्याला तो करता का येऊ नये? दीडशे वर्षे अनेकांनी हात पोळून घेतले. अखेर १९५४च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीत ट्रेसी हॉल यांनी प्रचंड दाब आणि उष्णता देऊन हिऱ्याचे बारीक कण तयार केले. ते दागिन्यांच्या कामाचे नव्हते. काच कापायला, दगड भोकायला, यंत्रांची पाती घासायला ते वापरले गेले आणि आजही वापरले जातात. दागिन्यात बसवता येईल असा मोठा, स्वच्छ हिरा परवडेल अशा खर्चात तयार होऊ लागला तो गेल्या वीसेक वर्षांत.

आज पद्धती दोन आहेत. एका पद्धतीत हवेच्या दाबाच्या पन्नास-साठ हजार पट दाब आणि सुमारे १,४०० अंश उष्णता देऊन ग्रॅफाइटचा हिरा करतात. दुसरीत हिऱ्याची पातळ चकती बंद भांड्यात ठेवून त्यात मिथेन आणि हायड्रोजन सोडतात. वायूतला कार्बन सुटा होऊन थरावर थर चढत जातो. काही आठवड्यांत हिरा वाढतो. सुरतेत प्रामुख्याने ही दुसरी पद्धत चालते. तयार झालेला हिरा पैलू पाडायला त्याच कारागिरांकडे जातो, जे खाणीतल्या हिऱ्यांना पैलू पाडतात. काठिण्य तेच, घनता तीच, चमक तीच. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने तर २०१८ साली हिऱ्याच्या आपल्या व्याख्येतून ‘नैसर्गिक’ हा शब्दच काढून टाकला. मात्र प्रयोगशाळेतल्या हिऱ्याला तसे स्पष्ट म्हणूनच विकले पाहिजे, ही अट ठेवली. ही अट लक्षात ठेवा, तिच्याकडे पुन्हा यायचे आहे.

एका वाचकाने लिहिले आहे की, असा हिरा करणे म्हणजे अल्लाहच्या निर्मितीत ढवळाढवळ आहे. मला तसे वाटत नाही. कार्बनही त्याचाच आणि तो कोणत्या दाबाखाली कसा मांडला जातो हा नियमही त्याचाच. फ्रीजमध्ये बर्फ केल्याने आपण पाणी निर्माण करीत नाही.

मग ‘नकली’ हा शब्द आला कुठून? माझ्या मते तो ‘अमेरिकन डायमंड’मुळे आला. आपल्या घरांत वर्षानुवर्षे एडीचे सेट आहेत. ते झिर्कोनियाचे खडे असतात. त्यांत कार्बन नावालाही नसतो. हिऱ्याहून ते बरेच जड आणि मऊ असतात, दोन-चार वर्षांत कडा झिजतात आणि खडा धुरकट दिसू लागतो. अलीकडे मॉयसेनाइट आला आहे. तो सिलिकॉन कार्बाइडचा खडा, चांगला कठीण, पण तोही हिरा नव्हे. लोकांच्या मनात हे तिन्ही एकाच डब्यात पडले आहेत. म्हणून ‘लॅबचा हिरा काही वर्षांनी पिवळा पडतो’, ‘त्याचे पॉलिश उतरते’ असे ऐकायला मिळते. त्याच्यावर पॉलिशचा थर नसतोच, उतरणार काय? उलट, तो कारखान्यात झाला म्हणजे निर्दोषच असणार, असेही काहींना वाटते. तेही खरे नाही. त्यातही काळे ठिपके राहतात, तपकिरी किंवा करडी झाक येते, मालही चांगला-वाईट निघतो.

घरगुती परीक्षांविषयी बरेच जण विचारतात. खड्यावर फुंकर मारून वाफ किती वेळ टिकते ते पाहायचे, पाण्यात टाकायचे, वर्तमानपत्रावर ठेवून अक्षरे दिसतात का ते बघायचे. या युक्त्यांनी फार तर काचेचा खडा ओळखता येईल. लॅबचा आणि खाणीतला हे दोन्ही हिरेच असल्यामुळे दोघांचा निकाल एकच येणार. ऑनलाइन मिळणारे, पेनासारखे दिसणारे यंत्र खड्यातून उष्णता किती वेगाने वाहते एवढेच पाहते. ते दोघांनाही ‘हिरा’ म्हणते. साधे यंत्र असेल तर मॉयसेनाइटलाही म्हणते. आणि एक परीक्षा तर कृपा करून करू नका. ऐरणीवर ठेवून घण मारला तरी खरा हिरा फुटत नाही, ही आपल्या मराठीत शेकडो वर्षांपासून रुळलेली समजूत आहे. हिऱ्यावर सहसा ओरखडा उठत नाही हे खरे, पण ठरावीक दिशेने घाव बसला तर तो सरळ दुभंगतो. पैलू पाडणारे कारागीर पूर्वापार याच गुणाचा उपयोग करीत आले आहेत.

दोघांतला फरक कळतो तो प्रयोगशाळेतच. जमिनीखाली दीडशे किलोमीटरहून खोल, कोट्यवधी वर्षे राहिलेल्या बहुतेक हिऱ्यांत नायट्रोजन शिरलेला असतो. वायूपासून वाढवलेल्या हिऱ्यात तो जवळजवळ नसतो. त्यामुळे नायट्रोजन नसलेला हिरा दिसला की यंत्र त्याला बाजूला काढते आणि मग तज्ज्ञ त्याच्या वाढीच्या खुणा तपासतात. यातली गंमत अशी की, गोवळकोंड्याच्या खाणींतले अनेक नामांकित हिरेही नायट्रोजनविरहितच होते. शंभर-दोनशे कोटी वर्षांचा तो खानदानी हिरासुद्धा आजच्या यंत्राला आधी संशयितच वाटेल! (जाता जाता: हिरा दगडी कोळशापासून होतो ही समजूतही सोडून द्यावी. कोळसा झाडांपासून झाला आणि बहुतेक हिरे पृथ्वीवर पहिले झाड उगवण्याच्या कितीतरी आधीचे आहेत.)

एवढे वाचून फुफी खूश होतील. पण त्यांनी ‘काडीचा फरक नाही’ म्हटले, तिथे थांबावे लागते. वस्तू तीच असली, तरी बाजार तो नाही.

ज्या दोहात नवरामुलगा नोकरी करतो, ते शहर शंभर वर्षांपूर्वी मोत्यांवर जगत होते. कतार, बहरीन, कुवैत इथले लोक उन्हाळाभर समुद्रात बुड्या मारून शिंपले काढत आणि ते मोती विकायला मुंबईत येत. मुंबई ही आखातातल्या मोत्यांची मोठी बाजारपेठ होती. तिकडे जपानमध्ये मिकिमोतो यांनी १८९३ साली शिंपल्यात मुद्दाम कण घालून अर्धगोल मोती वाढवला; पुढे पूर्ण गोल मोतीही साधले. ते नकली नव्हते. शिंपल्याने केलेले खरेच मोती होते ते. पण हवे तेवढे वाढवता येऊ लागल्यावर १९३०च्या सुमारास आखातातला मोत्यांचा धंदा कोसळला. जागतिक मंदीनेही त्यात हात धुऊन घेतले. कर्जात बुडालेल्या त्या किनाऱ्याला पुढे तेलाने तारले. बहरीनमध्ये तेल लागले ते १९३२ साली. हिऱ्यांच्या बाबतीत ही गोष्ट आपल्या डोळ्यांदेखत घडते आहे.

दहाएक वर्षांपूर्वी लॅबचा हिरा खाणीतल्यापेक्षा थोडासाच स्वस्त होता. मग चीन आणि भारतात यंत्रांवर यंत्रे बसली. खाणीतल्या हिऱ्यांची सगळ्यांत नामांकित कंपनी डी बीअर्स हिनेच २०१८ साली लॅबचे हिरे सरसकट कॅरेटला ८०० डॉलरने विकायला काढले. तेव्हा लोकांना तो भाव धक्कादायक स्वस्त वाटला होता. त्यानंतर बाजार इतका खाली गेला की २०२५ साली कंपनीने तो विभाग बंद करीत असल्याचे जाहीर केले. २०२३ साली आपल्या पंतप्रधानांनी जिल बायडेन यांना साडेसात कॅरेटचा लॅबचा हिरा भेट दिला, काश्मिरी कार-ए-कलमदानीच्या सुंदर डबीत. अमेरिकी सरकारने भेटवस्तूंच्या यादीत त्याची किंमत २०,००० डॉलर लावली. तेवढ्याच आकाराचा, तशाच प्रतीचा खाणीतला हिरा या किमतीच्या जवळपासही मिळत नाही.

म्हणून ‘खरा आहे का’ आणि ‘किंमत टिकेल का’ हे दोन प्रश्न वेगळे ठेवा. यंत्र लावले की माल वाढतो, माल वाढला की भाव उतरतो. आज घेतलेला लॅबचा हिरा पाच वर्षांनी विकायला नेला तर अनेक दुकानदार तो परत घ्यायलाच तयार नसतात. घेतलाच तर सोन्याचे पैसे धरतात आणि हिऱ्याचे नाममात्र. खाणीतल्या हिऱ्याची स्थिती यापेक्षा बरी आहे, पण त्यालाही सोन्यासारखे समजू नका. सोन्याचा रोजचा भाव वर्तमानपत्रात येतो, हिऱ्याचा येत नाही. विकताना भाव दुकानदार ठरवतो, घडणावळ आणि ३ टक्के जीएसटी परत मिळत नाही. ‘हिरा म्हणजे गुंतवणूक’ हे वाक्य दुकानाच्या काउंटरपलीकडूनच जास्त ऐकू येते, याची नोंद घ्यावी.

आता खेडच्या भगिनींचा मूळ प्रश्न. लॅबच्या हिऱ्याचा सेट मेहर म्हणून देता येतो का? जरूर येतो. ज्या वस्तूला किंमत आहे ती मेहर होऊ शकते, काहीच नसेल तर लोखंडाची अंगठी तरी शोधून आण, असे प्रेषितांनी (स.) एका गरीब सहाबींना सांगितल्याची हदीस प्रसिद्ध आहे. प्रश्न वैधतेचा नाही. मेहर ही बाईची स्वतःची मालमत्ता आहे. सूरह निसामध्ये ती खुशीने द्यायला सांगितले आहे, आणि ढीगभर दिले असले तरी परत घेऊ नका असेही बजावले आहे. ती तिच्या अडचणीच्या दिवसांची पुंजी असते. नवऱ्याची नोकरी गेली, तलाक झाला, वैधव्य आले, की बाई कपाटातून पहिल्यांदा काय काढते ते आपण सगळ्यांनी पाहिले आहे. त्या दिवशी १ लाख ८० हजारांच्या सेटचे हातात आले फक्त त्यातल्या सोन्याचे पैसे, तर निकाहनाम्यावरचा आकडा तिच्या काय कामाचा?

म्हणून माझा सल्ला असा: मेहर रोख रकमेत किंवा सोन्याच्या ग्रॅममध्ये लिहा. सेट मुलाकडच्यांना हौसेने द्यायचाच असेल तर तोहफा म्हणून वेगळा द्यावा. सुंदर वस्तू आहे, मुलीने आनंदाने घालावी. कमी पैशांत मोठा, चमकदार हिरा अंगावर येतो यात वाईट काहीच नाही. उलट खाणीतल्या हिऱ्यासाठी कर्ज काढणाऱ्या बापाला मी लॅबचाच घ्या म्हणेन. आणि सेटच मेहर ठरवायचा असेल, तर आज तो परत दिला तर किती मिळतील हे दुकानदाराकडून लेखी घ्या आणि तोच आकडा मेहरचा धरा. मुलाकडच्यांना राग येईल अशी भीती वाटत असेल, तर हे बोलणे बायकांच्या कुजबुजीत ठेवू नका. काझीसाहेबांना मध्ये घेऊन सरळ बोला. मामूंनी ‘फसवले’ हा शब्दही मागे घ्यावा. कार्डावर स्पष्ट छापलेले होते, कोणी काही लपवलेले नव्हते.

फसवणूक होते ती लपवल्यावर. मदिनेच्या बाजारात प्रेषितांनी (स.) धान्याच्या ढिगात हात घातला, आतले धान्य ओले निघाले, तेव्हा ते वर का ठेवले नाहीस, म्हणजे लोकांना दिसले असते, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले. आजचा ओला दाणा म्हणजे बारीक हिऱ्यांच्या पुडीत मिसळलेले लॅबचे हिरे. २०१२ साली अँटवर्पच्या प्रयोगशाळेत असे शेकडो हिरे न सांगता तपासणीला आल्याचे उघड झाले आणि सारा व्यापार हादरला. मोठ्या हिऱ्याला स्वतंत्र प्रमाणपत्र असते. सेटमधल्या राईएवढ्या हिऱ्यांना प्रत्येकी असू शकत नाही. तिथे दुकानदाराचा शब्द आणि त्याची सही असलेले बिल एवढाच आधार. खाणीतला म्हणून विकलेला हिरा लॅबचा निघाला, तर शरीअत खरेदीदाराला सौदा मोडायचा अधिकार देते आणि देशाचा ग्राहक संरक्षण कायदाही देतो. पण दोन्हीकडे पुरावा मागितला जातो.

जाहिरातींतल्या पुण्याईचेही थोडे पाहू. लॅबच्या हिऱ्यावर रक्त नाही, म्हणतात. सिएरा लिओन या मुस्लिमबहुल देशात १९९१ ते २००२ जे गृहयुद्ध झाले, त्यात हिऱ्यांच्या पैशावर बंदुका आल्या आणि माणसांचे हातपाय तोडले गेले. ते विसरण्यासारखे नाही. त्यानंतर २००३ पासून किम्बर्ले प्रक्रियेचे प्रमाणपत्र आले. पण ते फक्त बंडखोरांच्या हिऱ्यांना अडवते. सरकारी फौजांनी केलेला जुलूम त्या व्याख्येत बसत नाही. तेव्हा हा मुद्दा लॅबच्या बाजूने जातो. ‘पर्यावरणपूरक’ हा दावा मात्र सरसकट मानू नका. ती यंत्रे दिवसरात्र वीज खातात, आणि ती वीज कोळशाची असेल तर धूर कुठेतरी निघतोच. पुरावा नसताना असे दावे करू नका, अशी तंबी अमेरिकेत २०१९ साली काही विक्रेत्यांना सरकारनेच दिली होती.

जकातीबद्दल तीन पत्रांत विचारणा आहे. वापरातल्या हिऱ्यावर जकात नाही, मग तो लॅबचा असो वा खाणीतला. विक्रीसाठी घेतला असेल तर व्यापारी मालाप्रमाणे आहे. मात्र हिरा ज्या सोन्यात बसवला आहे, त्याचे काय? हनफी घरांत वापरातल्या सोन्याचीही जकात निघते, तेव्हा सेटमधले सोने हिशेबात धरावे लागेल. आपल्या कोकणातली बहुतेक घरे शाफई. त्यांच्याकडे नेहमीच्या वापरातल्या जायज दागिन्यांवर जकात नाही. सासर-माहेरचा मसलक वेगळा असेल तर आपल्या इमामसाहेबांना विचारून घ्यावे.

हा हिशेब करायचा तर सोन्याचे वजन ठाऊक हवे, आणि तिथे ‘कॅरेट’ हा शब्द घोळ घालतो. तो अरबी कीरातशी नाते सांगणारा शब्द. जनाज्यात सामील होण्याच्या सवाबची हदीस ज्यांना ठाऊक आहे, त्यांना तो ओळखीचा वाटेल. सोन्याला लावला की तो शुद्धता सांगतो, हिऱ्याला लावला की वजन. हिऱ्यांचे दागिने बहुधा १८ कॅरेट सोन्याचे, म्हणजे ७५ टक्के शुद्ध असतात. आणि हिऱ्याचे ५ कॅरेट म्हणजे १ ग्रॅम. हॉलमार्क आणि त्याचा सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक फक्त सोन्याची हमी देतो. हिऱ्याविषयी तो एक शब्द बोलत नाही. तेव्हा बिलावर दागिन्याचे एकूण वजन, त्यातल्या सोन्याचे निव्वळ वजन आणि हिऱ्यांचे वजन असे तीन आकडे वेगवेगळे लिहून घ्या. ‘डायमंड’ एवढेच लिहिले असेल तर त्यापुढे ‘नॅचरल’ किंवा ‘लॅब ग्रोन’ लिहायला लावा. प्रमाणपत्राचा क्रमांक मोठ्या हिऱ्याच्या कडेवर लेसरने कोरलेला असतो. दुकानातल्या भिंगातून तो स्वतः वाचा आणि कागदावरच्या क्रमांकाशी ताडून पाहा. बिल मुलीच्या नावावर करा. निकाहनाम्याची प्रत, बिल आणि प्रमाणपत्र एका पाकिटात घालून ते पाकीट मुलीच्याच हातात द्या, सासूबाईंच्या कपाटात नाही.